अक्का, चष्मेवाली परत आली

अक्का, चष्मेवाली परत आली. तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशी.

ती नदीत पडली तेव्हा तुम्ही सगळ्या डेअरीला ठणकावून सांगितलं होतं, "मुडदा दावला का? न्हाई दावला. मंग ती जित्ती हाय." मी म्हणाले होते, अहो, फोटोला हार घातलाय, घरच्यांनी तेरावं उरकलंय, नवऱ्याला दुसरी बघायला सुरुवात झालीय, आता कुठली येते ती. त्यावरून आपलं तीन दिवस वाजलं होतं. तुमचं खरं झालं. एकदाचं सांगून टाकते, म्हणजे माझ्या मागे लागायला नको.

पण ती आलेली मी पाहिली नाही. घरात सुतक, टीव्हीवर चादर. मला ते कळलं डेअरीच्या खिडकीत. शेजारच्या चंद्रकलेने दुधाची किटली पुढे केली आणि म्हणाली, "वैनी, आली की ती! चष्मेवाली!" मी विचारलं, कशी आली, कोणी आधी पाहिलं, नवरा काय म्हणाला? तर म्हणे, "आली आन् दारात हुबी राह्यली. मंग जाहिरात लागली." झालं. तीन महिने पाण्यात गेलेली बाई दारात येऊन उभी राहते आणि ही बया दोन वाक्यांत उरकून किटली मागते! तुम्ही सांगितलं असतंत तर सगळं दूध नासेपर्यंत ती उंबऱ्यावरच उभी राहिली असती. पदराला चिखल होता का, कुत्रं भुंकलं का, सासूच्या हातातलं ताट पडलं की तिने धरून ठेवलं, सगळं कळलं असतं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा मालिका न बघता ऐकली. तेव्हा समजलं की ऊसतोडीच्या बाया तुमच्याकडे कशासाठी येऊन बसायच्या.

मी या घरात धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा तुम्ही थोरल्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. पुढे बायकांची दूध संस्था काढलीत तेव्हा तुम्ही चेअरमन झालात आणि मला सचिव केलंत. म्हणजे घरात थोरली-धाकटी आणि डेअरीतही थोरली-धाकटी, माझी कुठूनच सुटका नाही. गावातल्या सुनांमध्ये बारावी झालेली मी एकटी, म्हणून दुधाचं फॅट काढणं, डिग्री लावून पाणी पकडणं, रजिस्टर लिहिणं माझ्याकडे आलं. मला आकडा खोटा चालत नाही. ज्याचं दूध पातळ त्याला मी तोंडावर पातळ म्हणते, मग तो माझा सख्खा मामा का असेना. तुम्ही मात्र पाणी दिसत असलं तरी म्हणायचात, "उन्हाळा हाय बाई, म्हस तरी काय करील." माणसं तुमच्यावर खूश आणि माझ्यावर नाराज, हे आपल्या संस्थेचं वीस वर्षांचं कामकाज.

स्वच्छ दुधाचं बक्षीस म्हणून संस्थेला टीव्ही मिळाला. तो ग्रामपंचायतीत लावावा असं सगळ्या पुरुषांचं मत होतं. तुम्ही तो डेअरीतल्या लोखंडी कपाटावर ठेवलात आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचलीत. संध्याकाळच्या दुधाची वेळ आणि मालिकेची वेळ एकच. दूध घातलं की बायका रिकाम्या किटल्या पालथ्या घालून त्यावरच बसायच्या. आणि लाईट नेमकी त्याच वेळेला जायची.

तुमची ती खोड तिथेच सुरू झाली. तेव्हाच्या मालिकेत एक सासू होती. आपण मालिकेतल्या कुणाचं नाव कधी लक्षात ठेवलं नाही. ही कायम जिन्याच्या पायरीवर उभी राहून बोलायची, म्हणून पायरीवाली. एका संध्याकाळी ती सुनेच्या दुधाच्या पेल्यात काहीतरी टाकत होती आणि लाईट गेली. तीस-चाळीस बायका एकदम "अगं बाई!" करून ओरडल्या. अंधारात तुमचा आवाज आला, "गप बसा. मी सांगते." आणि तुम्ही सांगितलंत. मांजर कसं आलं, पेला कसा लवंडला, मांजराने जीभ लावली आणि ते तिथेच कसं आडवं झालं, ते बघून पायरीवालीला कसा दरदरून घाम फुटला. बायका समाधानाने घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मागचं थोडं दाखवतात तेव्हा कळलं की मांजरबिंजर काही नव्हतं, सून बिचारी सगळं दूध पिऊन दवाखान्यात पडली होती. सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "चुकलं त्यांचं. मांजर पायजे व्हतं."

मी तेव्हा हसले होते. अजूनही हसू येतं.

आणि तो नळ आठवतो का? नायिका आरशापुढे उभी राहून रडत होती आणि खाली बेसिनचा नळ धो धो चालू. आपल्याकडे टँकर आठवड्याने येत होता. तिच्या दुःखाकडे कुणाचं लक्षच नाही. आधी तुम्ही ओरडलात, "नळ बंद कर, भवाने!" आणि मग सगळी डेअरी ओरडायला लागली, "नळ! अगं नळ!" बाहेरून जाणारे दोन-चार पुरुष धावत आत आले, त्यांना वाटलं डेअरीत पाईप फुटला. तिने नळ बंद केलाच नाही. त्या दिवसापासून ती आपल्या मनातून उतरली. तिचा नवरा तिला सोडून गेला तेव्हाही तुम्ही म्हणालात, "जाईना तर काय करील. कुटंकुटं पुरवील पानी."

दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेरडं, लेकरं घालून बाया निघायच्या तेव्हा शेवटच्या घाईत डेअरीत डोकावून सांगायच्या, "अक्का, ध्यान ठिवा बरं. आल्यावर सांगा." कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, त्या परत येईपर्यंत पाच-सहा महिने जायचे. मग तुमच्या अंगणात बैठक. कुणी काकवी आणायची, कुणी तिकडच्या मळ्यातल्या शेंगा. तुम्ही पाच महिन्यांची मालिका दोन दुपारींत सांगायचात, आणि मी शेजारी बसून भाग मोजायची. मला सगळं क्रमाने पाठ असायचं. आणि तुम्ही क्रमच काय, माणसंच बदलायचात. ज्या सुनेने माफी मागितली होती तिला तुम्ही माफी मागायला लावलं नाहीत. ज्या नवऱ्याला मालिकेने सुधारलं होतं त्याला तुम्ही सुधारू दिलं नाहीत, कारण "असले सुधारत नस्त्यात, उगी पोरींना आशा लागती."

यावरून आपलं भांडण कायमचं. मी म्हणायची, "अक्का, खोटं कावून सांगता?" तुम्ही म्हणायचात, "मी खोटं सांगत न्हाई. मी नीट करून सांगते." मी म्हणायची, "त्या बाया तुमच्यावर भरवसा ठेवतात." तुम्ही म्हणायचात, "मंग? टीव्हीवाल्यावर ठिवावा का?" हे भांडण आपण कधी मिटवलं नाही. मला वाटायचं, म्हातारपणी निवांत बसून मिटवू.

आता त्या दुष्काळाच्या सालाबद्दल लिहिते. हे लिहायचं म्हणूनच आज बसले आहे, इतका वेळ इकडचं तिकडचं बोलून टाळत होते.

त्या वर्षी विहिरी दिवाळीतच तळाला गेल्या. नांदूरघाटच्या अलीकडच्या माळावर चारा छावणी पडली, आणि तुम्ही आपली आठ जनावरं घेऊन तिथे मुक्कामाला गेलात. मी गावात राहिले, घरचं आणि डेअरीचं बघायला. सकाळी दुधाच्या टेम्पोत बसून मी छावणीवर यायची, तुमच्या भाकरी द्यायची आणि तिथल्या जनावरांचं दूध मोजून घ्यायची. छावणीत टीव्ही नव्हता. मग दूध मोजता मोजता आदल्या संध्याकाळचा भाग मी तुम्हाला सांगायची. जसा दाखवला तसा, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. आणि दुपारी कडब्याच्या सावलीत तुम्ही तो छावणीतल्या बायांना सांगायचात, तुमच्या पद्धतीने.

ऊसही त्या वर्षी वाळला होता. टोळ्या लवकर परत आल्या, आणि लंकाबाई तिची एकुलती गाय घेऊन तुमच्या शेजारच्या दावणीला आली. तिची रेखा तिच्याबरोबर होती. नववी झालेली, सोळा वर्षांची. तिचं लग्न ठरत होतं. कारण तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. ऊसतोडीला कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. एकट्या पोरीला मुकादम धरत नाही. पोरगी लग्नाची झाली की एक जोडी वाढते, आणि मागे गावात तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा घोरही संपतो. तुम्ही लंकाबाईला एकदा समजवायला गेला होतात. तिने तुम्हाला वाईट बोलून नाही, अगदी सरळ सांगितलं, "अक्का, तुमची जिमीन हाय. तुमाला बैलगाडीखाली झोपावं लागत न्हाई. तुमी कावून सांगायलाव?" तुम्ही तशाच परत आलात आणि गायीला पाणी दाखवत बसलात.

तेव्हाच्या मालिकेत एक शाळकरी पोर होती, दोन वेण्यांची. तिचंही लग्न ठरत होतं. मालिकेत ते झालं. वाजतगाजत झालं, पाच दिवस चाललं, नवरा चांगला निघाला, दोन वेण्यांची एक वेणी झाली आणि पोर सुखात नांदायला लागली. मी ते तुम्हाला हळद-मेंदीसकट जसंच्या तसं सांगितलं होतं. आणि तुम्ही दुपारी सांगायला लागलात की पोर मांडवातून उठली. म्हणाली, मला शिकायचंय. तिच्या आईने तिचा हात धरला आणि ती नर्स झाली. रोज थोडं थोडं. पोर वसतिगृहात राहिली, परीक्षेला बसली, पांढरे कपडे घालून तिने पहिल्यांदा कुणाला सुई टोचली. लंकाबाई रोज यायची. वैरण टाकायची सोडून यायची. रेखाला पुढे बसवायची.

मला हे कळलं कसं? एका दिवशी टेम्पो बंद पडला म्हणून मी दुपारपर्यंत छावणीतच अडकले. तुम्ही सांगत होतात, मी मागे कॅनवर बसून ऐकत होते. त्या दिवशी तुम्ही कथेत एक धाकटी जाऊ घातलीत. मालिकेत अशी कुणी नव्हतीच. ती धाकटी म्हणे सगळ्यांच्या दुधात बोट घालून बघते, पाहुण्याला चहा विचारण्याआधी साखरेचा डबा हलवून बघते आणि स्वतःला कलेक्टर समजते. बाया माझ्याकडे बघून पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. तुम्हीही हसत होतात. गंमत होती हो, आता मला कळतं. पण तेव्हा उन्हाने डोकं तापलेलं, टेम्पो बंद, दूध फाटेल ही धास्ती, आणि मुळात माझा स्वभाव. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "असली कुणी धाकटी न्हाई त्यात! आन् ती पोरगी काय नर्स-बिर्स झाली न्हाई. तिचं लगीन झालं, आन् ती सुखात हाय. मी डोळ्यांनी पाह्यलंय. ह्या सगळं मनचं सांगतेत."

रजिस्टरमधला आकडा दुरुस्त करावा तसं मी ते बोलले. एकदा खरं सांगितलं की काम संपलं, असं मला वाटायचं. पण हसणं बंद झालं. लंकाबाईने तुमच्याकडे पाहिलं. "अक्का, खरं का?"

तुम्ही काही मांजरबिंजर काढलं नाहीत. म्हणालात, "हो. लगीन झालं तिचं."

"मंग नर्स?"

"नर्स मी केली तिला."

लंकाबाई उठली आणि, टँकरच्या रांगेत गेलेल्या रेखासाठी न थांबता, गायीकडे गेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. त्यानंतरचे आठ दिवस तुम्ही माझ्याशी फक्त दुधाबद्दल बोललात. किती लिटर, कोणती म्हैस आटली, कडबा कधी येणार. मालिकेचं तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. मी रोज रस्त्याने टेम्पोत बसून मनाशी म्हणायची की आज बोलायचं, आज म्हणायचं, अक्का, चुकलं माझं. आणि छावणी आली की कॅन मोजायला लागायची. त्या पोरीचं लग्न आता होणार आणि ते माझ्या तोंडाने लावलं, हे मला माहीत होतं.

नवव्या दिवशी लंकाबाई आली. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. दूध घालून झाल्यावर बाजूला थांबली आणि म्हणाली, "वैनी, तुमी खरं बोलता. मंग मला खरं सांगा. धाव्वीच्या म्होरं काय लागतं? कुटं ठिवावं लागतं पोरीला? आमी तिकडं असल्यावर तिला कोन बघील?"

मी म्हणाले, अगं, पण लग्न? मालिकेत तर लग्न करून ती पोर सुखात होती ना?

तिने मला जे सांगितलं ते मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "मी आठ दिस त्योच इचार केला. शिरेलीत लगीन झालं आन् पोरगी सुखात. आमच्या टोळीत तीन पोरींची लगनं झाली, त्यातली एक बी सुखात न्हाई. मंग खोटं कोन बोलतंय? अक्का का शिरेल?"

मी केजला गेले, अंबाजोगाईला गेले, वसतिगृहाची चौकशी केली, कागद काय लागतात ते लिहून आणलं. जे जमणार नव्हतं ते जमणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. आणि शेवटी तिने विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंत. छावणी उठली तशी रेखा पेटी घेऊन तुमच्याच घरात आली. टोळी गेली की सहा महिने ती तुमच्याजवळ. लंकाबाईच्या नवऱ्याने दोन-तीनदा आरडाओरडा केला, तेव्हा तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "पोरगी शाळंत गेलीय. तुमी चा घ्या." आपण दोघी पुन्हा पहिल्यासारख्या बोलायला लागलो. भांडायलाही लागलो. पण छावणीतल्या त्या दुपारबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत, आणि मीही नाही.

रेखाने तुमची कथा पार बिघडवली, हेही सांगायला हवं. पहिल्या खेपेला दहावीत, गणितात नापास झाली. दुसऱ्या खेपेला सुटली. पुढे नर्सिंगचं बघायला दवाखान्यात नेली तर रक्ताची बाटली बघून तिथल्या फरशीवर आडवी. उचलून तिलाच सलाईन लावायची पाळी आली. आणि मग एक दिवस खाकी कपडे घालून, कंडक्टरची बॅग गळ्यात अडकवून दारात उभी! तुम्ही दोन दिवस रुसलात. "मी नर्स म्हनलं व्हतं." मी म्हणाले, आता टोचा-टोचीऐवजी तिकीट फाडते, काय बिघडलं? तर तुम्ही मला म्हणालात, "तू गप. तुला गोष्टीतलं काय कळतंय." पण तिची लाल गाडी बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून केजकडे निघायची तेव्हा तुम्ही मुद्दाम उठून फाट्यावर जायचात, आणि ती दारातून ओरडायची, "मोठ्याई, चला का अंबाजोगाईला? सीट हाय!" मग गाडीतल्या अनोळखी माणसांनाही तुम्ही सांगायचात की ही आमची हाय.

नंतर सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. ऊसतोडीच्या बाया फडातच मालिका बघायला लागल्या. मला वाटलं, संपलं आता अक्कांचं. तुम्हालाही वाटलं असावं, कारण त्या वर्षी टोळ्या आल्या तेव्हा तुम्ही अंगणात सतरंजी टाकली नाहीत. पण बाया आल्या. काकवी घेऊन आल्या आणि खाली मातीतच बसल्या. त्यातली एक म्हणाली, "अक्का, आमी बघितलं समदं. त्यांनी तसं दावलं. पन खरं काय झालं?" तुमचा चेहरा काय खुलला होता त्या दिवशी! मी उठून स्वतः सतरंजी आणली. तुम्ही ते पाहिलंत की नाही, ठाऊक नाही.

काल तुमचं तेरावं झालं. रेखा रजा काढून आली होती. शेवटचे पंधरा दिवस दवाखान्यात दुपारची तीच तुमच्याजवळ होती. मी एक दिवसाआड यायची, डबा, औषधं, डॉक्टर, कागद या गडबडीत असायची. त्यामुळे वॉर्डात तुमचं काय चाललं होतं ते मला काल समजलं. पंगती उठल्यावर रेखा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, ती दोन जावांची शिरेल कोनती? मी मोबाईलवर लई हुडकली, घावना."

मी विचारलं, कोणती?

"मोठ्याई वार्डातल्या बायांना रोज सांगायची. दोघी जावा असत्यात. थोरली लई खोटारडी. धाकटी लई खरी, पन तोंडानं फटकळ. थोरली एका पोरीच्या आईला खोटीच गोष्ट सांगती, आन् धाकटी भर बायांत उठून तिचं खोटं उघडं पाडती."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

रेखा सांगत होती. त्या पोरीचं लग्न मोडलं ते थोरलीमुळे की धाकटीमुळे, यावरून वॉर्डात दोन पार्ट्या पडल्या होत्या म्हणे. सलाईन लावलेल्या बायाही तावातावाने बोलायच्या. शेवटी त्यांनी तुम्हालाच विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "धाकटीमुळं. थोरलीनं नुसतं गोड सांगितलं. धाकटी खरं बोलली म्हनून ती आई इचाराला लागली." कुणीतरी विचारलं की मग थोरली धाकटीवर रुसली का होती? तुम्ही म्हणालात, "रुसली नव्हती. तिला लाज वाटत व्हती. धाकटीपुढं तोंड उघडंना तिचं."

अक्का, मी दहा वर्षं समजत होते की तुम्ही माझ्यावर रागावला आहात.

मग त्या बायांनी तुम्हाला विचारलं, "पुढं बोलल्या का त्या दोघी जावा?" तुम्हाला धाप लागली होती. तुम्ही म्हणालात, "ते उद्याच्याला सांगते." आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या तोंडाला मास्क लागला.

हे ऐकून मी रडले. सगळ्या पाहुण्यांसमोर रडले, आणि रेखाला काही कळेना की मालिकेच्या गोष्टीवर काकू एवढी का रडते. मग मी तिला सांगितलं ती मालिका कोणती ते. ती पोरगी कोण तेही सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "आन् मी धाकटीच्या पार्टीत नव्हते की हो काकू!" रडता रडता आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून लंकाबाई बघायला आली.

आज सकाळी रेखाचा फोन वाजला. तुमच्या शेजारच्या खाटेवर होती ती धारूरकडची बाई. तुम्ही जायच्या आधी दोन दिवस तिला घरी सोडलं होतं. तुम्ही गेल्याचं तिला माहीत नव्हतं. तिला फक्त विचारायचं होतं की पुढं काय झालं. रेखाने फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, मी त्यांची धाकटी जाऊ बोलतेय. ती म्हणाली, "मंग तुमाला ठाऊक असंल. बोलल्या का हो त्या दोघी?"

मी सांगायला लागले. दुधाचा टेम्पो होता, म्हणाले. नवव्या दिवशीची सकाळ होती. धाकटी टेम्पोतून उतरली आणि कॅन न मोजता सरळ थोरलीकडे गेली. थोरली गायीला पाणी दाखवत होती, तिच्या हातातली बादली धाकटीने काढून घेतली. म्हणाली, "अक्का, चुकलं माझं. तुमच्यासारखी माया मला येत न्हाई, मला नुसतं खरं बोलता येतं. पन तुमी हायेत म्हनून मी हाय." थोरली म्हणाली, "माझं बी चुकलं, धाकटे." आणि मग दोघी पाण्याच्या टाकीपाशी बसून रडल्या. बाजूला एक कुत्रं होतं, ते उगाच भुंकत होतं.

पलीकडे ती बाई नाक ओढत होती. म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. बोलनारच." मग तिने विचारलं, "आन् थोरली? ती बरी हाय ना आता?"

"लई बरी हाय," मी म्हणाले.